रंगभूमीवांचून नाटक

नाटक म्हणजे दृश्य काव्य, हें आपण शाळेंत असतांनाच घोकलेलें असतें. काव्याचे दृश्य व श्राव्य असे दोन भाग करून आपल्या साहित्यशास्त्रकारांनीं नाटकाला पहिल्या भागांत बसविलें, आणि त्या व्यवस्थेस त्यानंतर फारसा कोणीं धक्का लाविला नाहीं. मग जें नाटक रंगभूमीवर कधीं आलेंच नाहीं, किंवा तें तेथें येईल अशी त्याच्या कर्त्यानेंहि फारशी अपेक्षा केली नाहीं, त्यास काय म्हणावयाचें? नांव वराचें, पण वरात कधीं निघालीच नाहीं, अशी त्याची स्थिति. टीकाकार अशा कृतीकडे बहुधा कींव करून पाहतात, आणि ‘प्रयोगास निरुपयोगी’ एवढ्या दोन शब्दांत तिचा निकाल लावून मोकळे होतात. या निकालाची जरा फेरतपासणी व्हावी असें प्रस्तुत लेखकास वाटतें. त्यासाठीं मराठी नाटकाच्या इतिहासांतील १८५१ पासून १८८० पर्यंतचा तीस वर्षांचा काळ विशेष सोयीचा आहे. कारण त्या काळांत मराठी नाटक दोन निरनिराळ्या घरीं वाढत होतें आणि त्या दोन घरांचा एकमेकांकडे जाणेंयेणें म्हणण्यासारखा संबंध नव्हता.

वाचावयाचें नाटक हा प्रकार इंग्रजी विद्येबरोबर आपल्याकडे आला, असा एक समज आहे. तो तितकासा खरा नाहीं. मुरारीच्या ‘अनर्घराघवा’तील श्लोक व्याकरणाच्या व कोशाच्या अभ्यासकांनीं पिढ्यान् पिढ्या चघळले, पण नाटक म्हणून तें डोळ्यांपुढें उभें करणें कठीणच. ‘हनुमन्नाटका’चा दामोदरमिश्राचा पाठ चौदा अंकांचा आहे. त्यांत गद्य जेमतेम, प्राकृत मुळींच नाहीं, नुसता श्लोकामागून श्लोक. राजशेखराचें ‘बालरामायण’ तर या सर्वांवर ताण करणारें आहे. दहा अंक, सातशेंहून अधिक श्लोक, आणि त्यांतले कितीतरी शार्दूलविक्रीडित व स्रग्धरा यांसारख्या लांबच लांब वृत्तांत! राजशेखर हा इसवी सन ९०० च्या सुमारास कनोजच्या महेंद्रपालाच्या आश्रयास होता. आपला पूर्वज अकालजलद याचा उल्लेख तो महाराष्ट्राचा चूडामणि म्हणून करतो, तेव्हां घराण्यानें तो आपल्याकडचाच म्हटला पाहिजे. नाटक फार लांबलें असा आक्षेप येणार हें त्यानें आधींच ओळखलें होतें. प्रस्तावनेंतच तो त्या आक्षेपकास उलट विचारतो कीं, शहाण्या, यांत उक्तीचा गुण आहे कीं नाहीं तेवढें सांग. असेल तर तुझें कल्याण असो, वाचनाची गोडी लावून घे. राजसभेंत प्रयोग व्हावयाचा म्हणून सूत्रधार पुढें येतो आणि त्याच प्रस्तावनेंत कवि प्रेक्षकास वाचक होण्याचा सल्ला देतो, ही गोष्ट मोठी गंमतीची आहे. संस्कृत नाटक हळूहळू रंगशाळेंतून पाठशाळेंत कसें गेलें, याचा याहून बोलका पुरावा शोधावयास नको.

युरोपांत हा प्रकार निराळ्या कारणानें वाढला. मिल्टननें ‘सॅम्सन अॅगोनिस्टीझ’ १६७१ सालीं प्रसिद्ध केलें, तेव्हां ही कृति रंगभूमीकरितां योजलेलीच नाहीं असें त्यानें आरंभींच सांगून टाकलें. बायरनचें ‘मॅन्फ्रेड’ (१८१७) आणि शेलीचें ‘प्रॉमिथ्यूस अन्बाउंड’ (१८२०) हीं त्याच जातीचीं. बायरनला तर आपल्या नाटकाचा प्रयोग होणें ही शिक्षाच वाटे. १८२१ सालीं ड्रुरी लेन नाट्यगृहानें त्याचें ‘मारिनो फालिएरो’ त्याच्या इच्छेविरुद्ध रंगभूमीवर आणलें तेव्हां तें थांबविण्यासाठीं न्यायालयाकडे धांव घ्यावी लागली. फ्रान्समध्यें आल्फ्रे द म्युसे या तरुण कवीचें एक नाटक १८३० च्या डिसेंबरांत पॅरिसच्या प्रेक्षकांनीं हुर्यो करून पाडलें. त्यानें रंगभूमीचें नांव टाकलें, आणि १८३२ सालीं आपलीं नाटकें पुस्तकरूपानें काढतांना त्या पुस्तकास आरामखुर्चींत बसून पाहावयाचा खेळ अशा अर्थाचें नांव दिलें. पुढें १८४७ सालीं त्याच्या अशाच एका खुर्चींतल्या नाटकाचा पॅरिसच्या मुख्य नाट्यगृहांत प्रयोग झाला व तो यशस्वी झाला, हा काळाचा खेळ वेगळाच. सांगावयाचें तें इतकेंच कीं, या लोकांपुढें रंगभूमि तयार होती. नट, पडदे, तिकिटें, टाळ्या, सर्व कांहीं होतें, आणि त्याला विटून किंवा त्यावर रुसून ते पुस्तकाकडे वळले. आमच्याकडे पाठ फिरवावी असें कांहीं जागेवर असावयास तर हवें होतें!

तें मुळींच नव्हतें असें मात्र नव्हे. तंजावरच्या भोसल्यांच्या दरबारीं, शहाजी राजे (राज्यकाल १६८४ ते १७१२) यांच्या वेळेपासून, मराठी नाटकें रचलीं जात होतीं व तीं खेळलींहि जात; पण तीं हस्तलिखितें तेथल्या सरस्वतीमहालांत राहिलीं आणि कृष्णाकांठच्या मराठी माणसाला विसाव्या शतकापर्यंत त्यांची वार्ताहि नव्हती. महाराष्ट्रांतील रंगभूमीचा आरंभ १८४३ सालीं सांगलीस झाला. श्रीमंत चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयानें विष्णुदास भावे यांनीं ‘सीतास्वयंवरा’चा खेळ केला, तो सर्वांना ठाऊक आहे. १८५१ सालीं चिंतामणराव वारल्यावर विष्णुदासांनीं मंडळी घेऊन गांवोगांव खेळ केले, आणि १८५३ सालीं मुंबईस ग्रँट रोडवरील नाटकगृहांत ते येऊन पोंचले. या खेळांची रीत अशी कीं, गणपति नाचून जाई, सरस्वती मोरावर बसून येई, विदूषक हंसवी, आणि मग सूत्रधार कथानकाचीं पद्यें म्हणे. पात्रांनीं त्या पद्यांच्या अनुरोधानें प्रसंगीं सुचतील तीं भाषणें करावयाचीं. राक्षस आले म्हणजे आरोळ्या ठोकीत आणि तलवारी परजीत. भाषणें लिहिलेलीं नव्हतीं. तीं लिहावीं अशी गरजहि कोणास वाटली नाहीं. विष्णुदासांची पद्यें ‘नाट्यकवितासंग्रह’ या नांवानें छापून निघालीं तीं १८८५ सालीं, म्हणजे पहिल्या खेळानंतर बेचाळीस वर्षांनीं. रंगभूमि होती, पण तिच्या हातीं पुस्तक नव्हतें.

दुसऱ्या घरीं याच्या नेमकें उलट चाललें होतें. तेथें पुस्तक होतें आणि रंगभूमि नव्हती. १८५१ सालीं कृष्णमिश्राच्या ‘प्रबोधचंद्रोदया’चें मराठी भाषांतर छापून निघालें. मूळ नाटक अकराव्या शतकांतलें, चंदेल राजा कीर्तिवर्मा याच्या सभेंत झालेलें. त्यांत विवेक आणि महामोह हे दोन राजे, काम, क्रोध, लोभ, दंभ हे एका बाजूचे सरदार, तर श्रद्धा, शांति, करुणा दुसऱ्या बाजूला. शेवटीं विष्णुभक्तीच्या साह्यानें विवेकाचा जय. रंगभूमीवर तलवारींचा खणखणाट चालू असतां इकडे छापखान्यांत वेदान्ताचीं पात्रें जुळविलीं जात होतीं. या भाषांतराकडे कोणत्याहि नाटकमंडळीनें ढुंकून पाहिलें नसतें, आणि भाषांतरकारांनाहि त्याची खंत नसावी. तें पोथीसारखें वाचावयाचें होतें.

या घराचे खरे कर्ते पुरुष म्हणजे परशुरामपंततात्या गोडबोले. १८५४ सालीं ‘नवनीत’ काढून मराठी कवितेची गोडी ज्यांनीं शाळेंतल्या पोरांपर्यंत पोंचविली, तेच हे तात्या. मेजर कँडी यांच्या हाताखालीं विद्याखात्याच्या भाषांतरांचें काम करीत असतां त्यांनीं एकामागून एक संस्कृत नाटकें मराठींत आणलीं: ‘वेणीसंहार’ १८५७, ‘उत्तररामचरित’ १८५९, ‘शाकुंतल’ १८६१, ‘मृच्छकटिक’ १८६२. त्यांच्या पाठोपाठ कृष्णशास्त्री राजवाडे यांनीं ‘मुद्राराक्षस’ वगैरे नाटकें आणलीं. पहिलें साल पाहा. उत्तर हिंदुस्थानांत बंड पेटलेलें, आणि पुण्यांत एक गृहस्थ भीमाच्या प्रतिज्ञेचे श्लोक मराठींत बसवीत आहेत! यांत उपहासास जागा आहे असें कोणास वाटेल. पण राज्य गेल्यावर चाळीस वर्षांनीं आपल्या भाषेंत नाटक म्हणजे काय असूं शकतें हें दाखविण्याचें काम अखेर या श्लोकांनींच केलें, हेंहि विसरूं नये.

तात्यांची पद्धति सरळ होती. मुळांत गद्य तेथें गद्य, आणि श्लोक तेथें श्लोक. तोहि बहुधा अक्षरगणवृत्तांत. यांतला प्रत्येक श्लोक स्वतंत्र काढून पाठ करण्याजोगा असे, व तसे ते पाठ केलेहि जात. परंतु नटाच्या तोंडीं तो घातला म्हणजे अडचण उभी राही. मालिनी किंवा शिखरिणी खड्या आवाजांत म्हणून झाली कीं मग पुन्हां गद्यावर उतरावयाचें, आणि तेंहि शब्दशः पाठ करून, ही गोष्ट आयत्या वेळीं सुचेल तें बोलण्याची संवय असलेल्या त्या वेळच्या नटांच्या आंवाक्यांतली नव्हती. त्यांतून पुष्कळांना अक्षरओळखहि बेताचीच.

भाषांतरांत आणखी एक गोष्ट हरपली. संस्कृत नाटकांत राजा, मंत्री, ब्राह्मण हे संस्कृत बोलतात. स्त्रिया, विदूषक, कोळी, शिपाई हे निरनिराळ्या प्राकृतांत बोलतात. ‘मृच्छकटिका’ची अर्धी लज्जत या बोलींच्या बजबजपुरींत आहे. मराठींत आल्यावर चारुदत्त आणि त्याच्या गाडीचा गाडीवान एकाच शाळेंत शिकल्यासारखे शुद्ध बोलूं लागले. आमच्या शास्त्रीमंडळींना घाटावरची आणि कोंकणची, कुणब्याची आणि कोष्ट्याची बोली ऐकूं येत नव्हती असें नाहीं. पण ती छापावयाची असते हें अजून ठरावयाचें होतें. ही गोष्ट लक्षांत ठेवावी. तिच्याकडे पुढें वळावयाचें आहे.

असें असलें तरी या पुस्तकांनीं मराठी वाचकाला एक नवी विद्या शिकविली, ती म्हणजे नाटक वाचण्याची. आज आपणांस ही विद्या वाटतच नाहीं. पण ज्यानें आजवर ओवी, आर्या किंवा बखर वाचली, त्याच्यापुढें एकदम पानाच्या कडेला पात्रांचीं नांवें, कंसांत ‘स्वगत’, ‘जनांतिक’, ‘पडद्यांत’, ‘आकाशाकडे पाहून’ अशा सूचना असलेलें पुस्तक आलें म्हणजे तो क्षणभर गोंधळणारच. पोथींत सांगणारा एक असतो आणि तो सर्व सांगतो. नाटकाच्या पुस्तकांत सांगणाराच गायब. जो तो आपापलें बोलून निघून जातो, आणि कोण खरें बोलतो, कोण खोटें, हें वाचकानें स्वतः ताडावयाचें. ‘स्वगत’ तर रंगभूमीपेक्षां पुस्तकांतच अधिक खरें वाटतें. नट हजार माणसांना ऐकूं जाईल इतक्या मोठ्यानें मनांतल्या मनांत बोलतो, त्याचें हंसूं येतें. पुस्तकांत तें खरोखरच मनांतल्या मनांत राहतें. कादंबरींतील माणसांचीं मनें वाचावयास आपण पुढें शिकलों, त्याची पूर्वतयारी थोडीफार या नाटकांनीं केली, असें मला वाटतें.

१८६१ सालीं विनायक जनार्दन कीर्तने यांचें ‘थोरले माधवराव पेशवे’ छापून आलें. लेखकाचें वय एकवीस वर्षांचें. कथानक पुराणांतलें नव्हे, संस्कृतांतून उसनें घेतलेलें नव्हे, तर आपल्याच इतिहासांतलें. आणि तेंहि इतकें जवळचें कीं, माधवराव १७७२ सालीं थेऊरास वारले त्यास पुरतीं नव्वद वर्षेंहि झालेलीं नव्हतीं. शेवट पेशव्यांच्या मृत्यूचा आणि रमाबाईंच्या सहगमनाचा. नाटक सुखांत संपलें पाहिजे या जुन्या दंडकास एका तरुणानें दिलेला हा चकवाच होता. शेक्सपिअर वाचलेल्या डोक्यांतून तो निघाला होता हें उघड आहे. पुढें नाटकमंडळ्यांनीं हें नाटक उचललें, पण जन्मानें तें पुस्तकच होय. अशा नाटकांना त्या वेळचे लोक ‘बुकिश’ म्हणूं लागले. हा शब्द आतां आपण नुसता एक ऐतिहासिक संज्ञा म्हणून वापरतों. मूळ अर्थ पाहिला तर मोठा मासलेवाईक आहे: ज्यांतील भाषणें बुकांत लिहिलेलीं असतात आणि नटानें तींच म्हणावयाचीं असतात, तें ‘बुकिश’. आज प्रत्येक नाटक त्या अर्थानें बुकिशच असतें, आणि कोणी तें विशेषण लावीत नाहीं. म्हणजे या सामन्यांत शेवटीं पुस्तकाचाच जय झाला.

तो जय शेक्सपिअरच्या भाषांतरांच्या वाटेनेंहि आला. महादेवशास्त्री कोल्हटकर यांचें ‘ऑथेल्लो’ १८६७ सालीं प्रसिद्ध झालें, तेव्हां स्वतः शास्त्रीबुवा हयात नव्हते; आपल्या नाटकाचा प्रयोग पाहण्याचा प्रश्नच त्यांच्यापुढें उरला नव्हता. तें रंगभूमीवर आणलें १८७९ सालीं पुण्यांत निघालेल्या आर्योद्धारक मंडळीनें. विष्णु मोरेश्वर महाजनी यांनीं ‘सिंबेलिन’वरून केलेलें ‘तारा’ हें मात्र पुस्तकांत फार दिवस अडकून पडलें नाहीं. इचलकरंजीकर मंडळीनें त्याचा बडोद्यास केलेला प्रयोग हॅरॉल्ड लिटलडेल या इंग्रज अध्यापकानें पाहिला व त्याचें वर्णन १८८० सालीं विलायतेंतल्या एका मासिकांत छापविलें. आगरकरांचें ‘विकारविलसित’ १८८३ चें; डोंगरीच्या तुरुंगांतील एकशें एक दिवस नुकतेच मागें पडले होते. त्यांतला चंद्रसेन प्रथम वाचकांना भेटला, आणि मग शाहूनगरवासी मंडळींतील गणपतराव जोशांनीं तो असा उभा केला कीं पुस्तक लोक विसरले.

तोंपर्यंत १८८० चें साल येऊन गेलें होतें. ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्यास आनंदोद्भव नाट्यगृहांत अण्णासाहेब किर्लोस्करांनीं ‘शाकुंतला’चा प्रयोग केला. कालिदास तोच, शकुंतला तीच. पण तात्यांचे श्लोक गेले आणि साक्या, दिंड्या व पदें आलीं. श्लोक ऐकणाऱ्याला थांबवून विचार करावयास लावतो, पद त्याला घेऊन पुढें जातें. एका संध्याकाळीं भाव्यांची पद्यें आणि शास्त्र्यांचें पुस्तक एकत्र आलीं व मराठी संगीत नाटक जन्मास आलें. गोडबोल्यांचें ‘शाकुंतल’ त्यानंतर शाळा-कॉलेजांच्या कपाटांत राहिलें. हा इतिहास पुष्कळांनीं पुष्कळ वेळां सांगितला आहे. त्याचा अधिक विस्तार येथें नको.

आतां ज्या एका नाटकासाठीं हा सर्व प्रपंच मांडला त्याकडे वळूं. वर सांगितलेलीं नाटकें पुस्तकांतून निघून उशिरां कां होईना रंगभूमीवर गेलीं. जीं गेलीं नाहींत, तीं निदान पुस्तकांत सुखरूप राहिलीं. रंगभूमीहि मिळाली नाहीं आणि पुस्तकहि होऊं दिलें गेलें नाहीं, असें एक नाटक त्याच काळांत, त्याच पुण्यांत होतें.

१८५५ सालीं, म्हणजे तात्यांच्या ‘वेणीसंहारा’च्या दोन वर्षें आणि कीर्तन्यांच्या नाटकाच्या सहा वर्षें आधीं, ज्योतीराव फुले यांनीं ‘तृतीय रत्न’ हें नाटक लिहिलें. त्यांचें वय तेव्हां अठ्ठावीस. मुलींच्या शाळेला सात वर्षें झालीं होतीं. १८५२ सालीं विश्रामबागवाड्यांत मेजर कँडी यांनीं शालजोडी देऊन त्यांचा जाहीर गौरव केला होता. ज्या साहेबाच्या हाताखालीं गोडबोले भाषांतरें करीत, तोच हा साहेब. पुणें किती लहान होतें आणि त्यांतलीं अंतरें किती मोठीं होतीं, हें एवढ्यावरून कळावें.

कथानक चार ओळींत सांगतां येतें. एक भिक्षुक जोशी कुणब्याच्या दारीं येतो. घरांत कुणब्याची बायको गरोदर आहे. तिच्या पोटांतल्या मुलावर ग्रहांची पीडा आहे अशी भीति घालून तो तिला व तिच्या नवऱ्याला अनुष्ठानाच्या आणि ब्राह्मणभोजनाच्या खर्चांत उतरवितो; कुणबी कर्जांत बुडतो. एक पाद्री भेटतो, वाद होतो, डोळे उघडतात. शेवटीं नवरा-बायको दोघेंहि फुले पति-पत्नींच्या शाळेंत शिकावयास जाण्याचा निश्चय करतात. या सर्व काळ विदूषक बाजूला उभा राहून बोलत असतो. संस्कृत नाटकांतला विदूषक राजाचा मित्र असतो आणि मोदकांसाठीं हपापलेला ब्राह्मण असतो; येथला विदूषक ब्राह्मणाच्या मोदकांचा हिशेब मागतो.

हें नाटक ज्योतीरावांनीं दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठविलें. पेशवाईंत विद्वान् ब्राह्मणांस दक्षिणा वांटण्याची चाल होती व इंग्रजांनीं ती कमी करीत करीत चालू ठेविली होती. तींतला कांहीं भाग मराठी ग्रंथरचनेस द्यावा असा अर्ज १८४९ सालीं लोकहितवादींच्या पुढाकारानें सुधारक तरुणांनीं केला, आणि त्यांतून १८५१ सालीं ही कमिटी निघाली. पुढें काय झालें तें ज्योतीरावांनीं १८७३ सालच्या ‘गुलामगिरी’ ग्रंथांत स्वतःच सांगितलें आहे: कमिटींतील भट सभासदांच्या आग्रहापुढें युरोपिअन सभासदांचें कांहीं चाललें नाहीं व नाटक नापसंत झालें. त्यांनीं तें बाजूस ठेविलें, आणि कांहीं वर्षांनीं त्याच विषयावर ‘ब्राह्मणांचें कसब’ हें दुसरें पुस्तक लिहून १८६९ सालीं स्वखर्चानें काढलें. नाटकाच्या प्रयोगांना बंदी करणारा सरकारी कायदा १८७६ सालचा. तेव्हां येथें राजसत्तेनें नाटक दाबलें असें म्हणतां येत नाहीं. तें दाबलें बक्षिसाच्या कमिटीनें, आणि तेंहि नुसतें ‘नको’ म्हणून.

हें नाटक प्रयोगासाठीं लिहिलें कीं वाचनासाठीं? माझ्या मतें त्याचें उत्तर तें कोठें पाठविलें यांतच आहे. कमिटी ग्रंथांना बक्षीस देई, खेळांना नव्हे. आणि १८५५ सालीं जी एकच रंगभूमि महाराष्ट्रांत होती तिच्यावर देव आणि दैत्य यांनाच प्रवेश होता. कुणब्याच्या गरोदर बायकोला तेथें कोणीं उभें केलें असतें? तेव्हां हें वाचावयाचेंच नाटक होय. मात्र येथें एक पेंच पडतो. ज्यांच्यासाठीं तें लिहिलें त्यांना वाचतां येत नव्हतें. त्यांना वाचतां येत नाहीं हाच तर नाटकाचा विषय! म्हणजे एकानें वाचावयाचें आणि दहांनीं भोंवतीं बसून ऐकावयाचें, हीच त्याची योजना असली पाहिजे. ही योजना मानली म्हणजे विदूषकाच्या बडबडीचें कारणहि उमगतें. ऐकणाऱ्याला जोशाचा चेहरा दिसत नसतो, दक्षिणेकडे वळलेली नजर दिसत नसते. जें डोळ्यांनीं पाहावयाचें तें विदूषक शब्दांनीं दाखवितो. आमच्या शास्त्रकारांच्या दृश्य-श्राव्य भेदांत या नाटकासाठीं नवा कप्पा पाडावा लागेल.

तें निर्दोष आहे असें म्हणण्याचा हेतु नाहीं. पाद्रीबुवा आले कीं संवाद लांबतो आणि नाटकाचे पाय जड होतात; ज्या शब्दांनीं पाद्री बोलतो त्यांत मिशनऱ्यांच्या पुस्तिकांचा वास येतो. जोशी हा माणूस कमी आणि नमुना अधिक आहे. पण नमुन्याची पात्रें आणि लांब वाद हे दोष मानावयाचे, तर ‘प्रबोधचंद्रोदया’त दुसरें आहे काय? तेथें पात्रांचीं नांवेंच काम आणि दंभ अशीं आहेत. दंभाला नुसतें दंभ म्हटलें तर तो वेदान्त होतो, आणि त्याला पत्रिका मांडावयास बसविलें तर तो अपमान होतो, हा न्याय त्या कमिटीचा.

भाषेची गोष्ट तर उघड आहे. जोशी कुणबिणीला भुलवितांना जें गोड बोलतो, ती त्याला अडाणीपणानें जीं उत्तरें देते, नवराबायकोची जी घालमेल होते, ती सारी पुण्याच्या पेठांतून व मावळांतून ऐकलेल्या बोलण्याच्या वळणानें लिहिली आहे. तात्यांच्या गाडीवानाला जी जीभ मिळाली नाहीं ती येथें कुणब्याच्या बायकोला मिळाली आहे. हें नाटक १८५५ सालीं छापून निघतें, तर मराठी नाटकाचें गद्य पंचवीस-तीस वर्षें आधीं जमिनीवर आलें असतें, असें म्हणण्याचा मोह होतो. निदान एवढें तरी झालें असतें कीं, बोलींत लिहावयाचें म्हणजे विनोदासाठींच, ही समजूत इतकी मुरली नसती.

हस्तलिखित राहिलेलें नाटक आणि छापलेलें नाटक यांतला फरक येथें दिसतो. ‘वेणीसंहार’ कोणीं केलें नाहीं म्हणून मेलें नाहीं. त्याच्या प्रती शाळांत होत्या, वाड्यांतून होत्या, कोणीतरी कोठेंतरी तें मोठ्यानें वाचीत होतें. ज्याला रंगभूमि नाहीं त्याचा सारा जीव छापखान्यांत असतो. ‘तृतीय रत्न’ लिहिलें गेल्यावर किर्लोस्कर झाले, देवल झाले, खाडिलकर आणि गडकरी झाले, बोलपट आला. मराठी नाटकाचे इतिहास लिहिले गेले, आणि पहिलें स्वतंत्र छापील नाटक म्हणून १८६१ सालाकडे बोट दाखविण्यांत आलें. ‘छापील’ हा शब्द तेवढा पुष्कळदां गळून पडे. १९६९ सालीं ज्योतीरावांचें समग्र वाङ्मय सरकारी मंडळानें प्रथम एकत्र प्रसिद्ध केलें, त्यांतहि हें नाटक नव्हतें. तें प्रथम छापून आलें १९७९ सालीं, ‘पुरोगामी सत्यशोधक’ या नियतकालिकांत. लिहिलें गेल्यापासून एकशेंचोवीस वर्षांनीं. समग्र वाङ्मयाच्या पुढील आवृत्तींत त्याला जागा मिळाली, आणि आतां तें कोणासहि घरीं बसून वाचतां येतें. त्यांतल्या कुणब्याची बायको शाळेचा रस्ता धरते त्या शेवटच्या पानापर्यंत पोंचावयास एक सावकाश संध्याकाळ पुरते.